हवेवरचं भांडण : फोन-इन चालवणाऱ्या निवेदकांचे नेहमीचे प्रश्न

कम्युनिटी रेडिओवर थेट फोन-इन, म्हणजे श्रोत्यांचे फोन हवेवर घेण्याचा कार्यक्रम, चालवणारे, त्यातही नुकतेच माइकसमोर बसायला लागलेले निवेदक जे प्रश्न फिरून फिरून विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी बरीच वर्षं असा कार्यक्रम चालवला आणि नंतर नव्या मुलामुलींना शेजारी बसवून शिकवला. त्यामुळे उत्तरांत माझी मतं आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत. एखाद्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. फोनवर वाद घालणारा प्रत्येक माणूस त्रासदायक समजायचा का?

अजिबात नाही. "मला हे पटत नाही" असं आवाज चढवून सांगणारा माणूस हा फोन-इनचा जीव असतो. त्याला हवेवर ठेवा. त्रासदायक म्हणायचं ते जो दुसऱ्याला बोलूच देत नाही त्याला, किंवा ज्याच्या बोलण्याने कोणाला तरी इजा होणार आहे त्याला. राग ही कसोटी धरू नका. अतिशय गोड आवाजात दुसऱ्या समाजाबद्दल गरळ ओकणारे फोन मी घेतले आहेत, आणि ओरडणाऱ्या माणसाचं म्हणणं शब्दशः खरं निघालेलंही पाहिलं आहे.

बटणाकडे हात जातो तेव्हा स्वतःला एकच विचारा : हा माणूस मला सहन होत नाही म्हणून फोन बंद करतोय, की ऐकणाऱ्यांच्या हाती काहीच लागत नाही म्हणून? पहिलं उत्तर आलं तर हात मागे घ्या.

२. मोठ्या केंद्रांवरचे आरजे अशा लोकांची मस्त फिरकी घेतात, श्रोत्यांना मजाही येते. आम्ही का नाही घ्यायची?

कारण तुमचा कॉलर उद्या तुम्हाला भेटणार आहे. व्यावसायिक केंद्रावर फोन करणारा लाखो लोकांतला एक निनावी आवाज असतो. कम्युनिटी रेडिओचं क्षेत्र लहान असतं. भारतात तर प्रक्षेपणाची प्रभावी शक्ती साधारण १०० वॉटच्या मर्यादेत ठेवायची असते, म्हणजे मोजक्या किलोमीटरांचा परिसर. तिथे "मागच्या गल्लीतून बोलतोय" एवढं म्हटलं तरी निम्मे श्रोते माणूस ओळखतात. तुम्ही त्याची टर उडवलीत की ती त्याच्या मुलांना शाळेत ऐकावी लागते.

मी हे चूक करून शिकलो. रस्त्याच्या कामावर कार्यक्रम होता. एक गृहस्थ तिसऱ्यांदा तेच तेच सांगत होते. मी म्हणालो, "काका, तुमची टेप अडकली वाटतं," आणि फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, खाली ओढून गाणं लावलं. स्टुडिओत सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडायला आलो तर ते पायरीवर बसलेले. चिडलेले नव्हते. त्यांच्या हातात वहीचा कागद होता आणि त्यावर खड्ड्यांची ठिकाणं क्रमाने लिहिलेली होती. "फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून आणलं," म्हणाले. तो कागद मी पुढच्या कार्यक्रमात जसाच्या तसा वाचला. माझं ते "टेप अडकली" मात्र परत घेता आलं नाही.

३. फोन थेट हवेवर घ्यावा की आधी कोणीतरी बोलून घ्यावं?

आधी बोलून घ्यावं. निम्मी भांडणं इथेच टळतात. फोनवर बसलेल्या सहकाऱ्याने नाव, कुठून बोलताय आणि मुद्दा काय, एवढंच विचारायचं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही तर "मनात थोडं जुळवून घ्या, मी दोन मिनिटांनी लावते" असं म्हणून त्यांना अवधी द्यायचा.

आणि न विसरता सांगायचं : रेडिओ बंद करा. आवाज बारीक करून भागत नाही. फोन करणारा स्वतःचाच आवाज थोड्या वेळाने रेडिओतून ऐकतो, अडखळतो, "हॅलो, हॅलो" करत राहतो आणि चिडतो. श्रोत्यांना वाटतं माणूसच तऱ्हेवाईक आहे.

सहकाऱ्याने निवेदकाला चिठ्ठीवर नाव, गाव आणि मुद्दा लिहून द्यावा. रागाचा अंदाज असेल तर कोपऱ्यात एखादी खूण करावी. "हा चक्रम आहे" असे शेरे मात्र लिहू नयेत. एकतर निवेदक तेच मनात धरून बोलतो, आणि चिठ्ठ्या टेबलावर राहतात, पाहुणे वाचतात.

४. आमच्याकडे दुसरा माणूसच नाही. मीच मिक्सर, मीच फोन, मीच निवेदक.

ही स्थिती फार ठिकाणी आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मग फोन थेट हवेवर घ्यायचाच नाही. गाणं किंवा आधी ध्वनिमुद्रित केलेला भाग सुरू असताना फोन उचला, वीस-तीस सेकंद बोला आणि लाइन धरून ठेवा. दुसरी सोय म्हणजे श्रोत्यांनी दिवसभरात व्हॉइस मेसेज पाठवायचे आणि निवडक तुम्ही वाजवायचे. त्यात थेटपणाची गंमत कमी होते, पण जिवाला शांतता मिळते.

एकट्याने निवडणुकीसारख्या तापलेल्या विषयावर उघडे फोन घेऊ नका. हे मी सल्ला म्हणून नाही, जवळजवळ नियम म्हणून सांगतो.

५. फोन लागल्या लागल्या समोरचा ओरडायलाच लागला. माझं पहिलं वाक्य काय असावं?

त्याचं नाव. "सुरेशराव," आणि एक श्वास. नाव ऐकलं की माणूस क्षणभर थांबतो, आणि तेवढीच जागा तुम्हाला हवी असते. मग त्याने जे सांगितलं त्यातला मुद्दा तुमच्या शब्दांत, राग वगळून : "म्हणजे अर्ज देऊन तीन महिने झाले आणि उत्तर नाही, असंच ना?" तो "हो!" म्हणतो. त्या "हो" नंतर आवाज बहुतेक वेळा एक पायरी उतरतो.

"शांत व्हा" हे दोन शब्द कधीही उच्चारू नका. शांत व्हा म्हटल्यावर शांत झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. "तुम्ही गैरसमज करून घेताय" हेही तसंच. तुमचा आवाज मुद्दाम हळू आणि किंचित खाली ठेवा. फोनची साधी लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेते. त्यात चढलेला आवाज अधिकच कर्कश वाटतो, आणि त्यावर तुमचाही चढला की श्रोता सरळ स्टेशन बदलतो.

६. एकजण श्वासच घेत नाही. मध्ये बोलावं कसं?

मोबाइलवर ही अडचण दुप्पट असते. आवाज पोहोचायला जो किंचित उशीर लागतो, त्यात दोघं एकाच वेळी बोलायला लागतात, दोघंही थांबतात, पुन्हा एकदमच सुरू करतात. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर सहसा जाणवत नाही, ४००च्या पुढे गेला की संवादच मोडतो. त्यामुळे वाक्य संपायची वाट बघण्यापेक्षा नाव घेऊन शिरा आणि थांबू नका : "सुरेशराव, सुरेशराव, इथे एक क्षण. पाइपलाइनचं तुम्ही म्हणालात ते महत्त्वाचं आहे, त्यावरच विचारतो..." पहिलं नाव त्याला ऐकूच जात नाही, दुसरं जातं. शिरताना त्याच्याच बोलण्यातला शब्द उचला, म्हणजे तोडल्यासारखं वाटत नाही.

फोन मिक्सरला जोडणारं जे यंत्र असतं, ज्याला स्टुडिओत हायब्रिड म्हणतात, त्यातल्या बऱ्याच यंत्रांत निवेदक बोलायला लागला की कॉलरचा आवाज आपोआप थोडा दबतो. तुमच्याकडे ती सोय आहे का ते तंत्रज्ञाला विचारून घ्या. नसेल तर बोटाने फेडर थोडा खाली घ्या. पूर्ण बंद नको. मागे त्याचा आवाज बारीक सुरू राहिला तर श्रोत्याला कळतं की माणूस अजून लाइनवर आहे आणि निवेदक फक्त वाट काढतोय.

७. फोन बंद करायचाच झाला तर उद्धट न वाटता कसा करायचा?

तीन टप्प्यांत, आणि तिन्ही टप्पे श्रोत्यांच्या देखत. आधी सूचना : "वैयक्तिक नावं घेऊ नका, मुद्दा सांगा." मग इशारा, त्यात परिणाम स्पष्ट हवा : "पुन्हा नाव आलं तर मला फोन थांबवावा लागेल." आणि मग बोलल्याप्रमाणे करा. धमकी देऊन न पाळणारा निवेदक दोन आठवड्यांत ओळखला जातो, मग लोक मुद्दाम खेळ करतात.

थांबवताना कारण सांगा, एका वाक्यात : "सुरेशरावांचा फोन इथे थांबवतोय. अर्जाबद्दलचा त्यांचा मुद्दा पोहोचला आहे, नावं घेणं आपल्या कार्यक्रमात बसत नाही." लगेच पुढचा फोन घ्या. लाइन कापल्यानंतर त्याच्याबद्दल आणखी एक शब्दही नको. जो उत्तर देऊ शकत नाही त्याला टोमणा मारणं श्रोत्यांना खटकतं, अगदी त्याच्यावर चिडलेल्या श्रोत्यांनाही.

सूचना आणि इशारा न देता थेट बटण दाबायच्या किंवा बोलणं तोडायच्या वेळा प्रश्न ८, ११, १३ आणि १६ मध्ये आहेत.

८. शिवी हवेवर गेली. आता?

लाइन कापा. "आत्ता जे ऐकू आलं त्याबद्दल माफी मागते" एवढं म्हणा आणि पुढे जा. शिवी पुन्हा उच्चारू नका, ती किती वाईट होती यावर भाषण नको, हसू तर नकोच. वेळ लॉगबुकात लिहा. कार्यक्रम संपल्यावर केंद्रप्रमुखाला स्वतः सांगा, त्यांना बाहेरून कळण्याआधी.

तोंडात बसलेली, कोणाला उद्देशून नसलेली शिवी वेगळी. शेतात राबणारा माणूस पावसाला शिवी घालतो तेव्हा श्रोते दचकत नाहीत. तिथे "जरा शब्द सांभाळून, लहान मुलंही ऐकतायत" एवढं पुरतं. कुठली शिवी कुठे खपते हे तुमच्या परिसराला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं, म्हणून केंद्राच्या स्थानिक समितीत याची एकदा मोकळी चर्चा करून घ्या. ती चर्चा भलतीच रंगते, हा अनुभव आहे.

९. डिले म्हणजे काय? आणि आम्हाला परवडत नसेल तर?

प्रक्षेपण काही सेकंद उशिरा सोडायचं, म्हणजे नको ते ऐकू आलं की बटण दाबून तेवढा तुकडा गाळता येतो. सर्रास वापरला जाणारा उशीर सात सेकंदांच्या आसपासचा. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या ॲलनटाउनच्या केंद्राने हे टेपवर केलं. जुनी रीत अशी की एका यंत्रावर मुद्रण होऊन फीत तशीच दुसऱ्या यंत्रावर वाजायला जायची. १९७७ मध्ये इव्हेंटाइड कंपनीने यासाठी डिजिटल यंत्र आणलं. आता हे काम सॉफ्टवेअरही करतं.

शिकवताना एक गोष्ट हमखास राहून जाते. बटण एकदा दाबलं की साठवलेले सेकंद खर्च होतात. यंत्र ते हळूहळू, आवाज किंचित ताणून पुन्हा भरतं, आणि तोवर तुम्ही जवळजवळ उघडे असता. म्हणून बटण दाबल्यावर लगेच पुढचा फोन घेऊ नका. गाणं लावा, सूचना वाचा.

डिले नसेल तर प्रश्न ३ मधली गाळणी हाच तुमचा डिले. शिवाय फोनच्या फेडरवरून बोट हलवायचं नाही. चहाचा कप दुसऱ्या हातात.

१०. कॉलर बिनधास्त चुकीची माहिती सांगतो, विशेषतः औषधपाण्याची. सगळ्यांसमोर खोडून काढू का?

माहिती खोडा, माणूस नको. "ताप आला की पोराला दोन गोळ्या एकदम द्या" असं कोणी म्हटलं तर गप्प बसणं हा गुन्हाच आहे, कारण ऐकणारी आई पेन घेऊन बसलेली असते. पण "तुम्ही चूक सांगताय" असं म्हणण्यापेक्षा : "मी इथे थांबवते. ऐकणाऱ्यांनो, मुलांचा डोस वजनावर ठरतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका." दुरुस्ती त्याच फोनमध्ये, त्याच मिनिटाला झाली पाहिजे. शेवटी केली तर मधेच रेडिओ बंद करून गेलेल्यांना ती कळतच नाही.

तुम्हालाच खात्री नसेल तर तसं सांगा : "हे मला तपासावं लागेल, पुढच्या कार्यक्रमात सांगते." आणि सांगाच. माहिती मतापुरती असेल, कोणाला इजा होणार नसेल, तर दुसऱ्या कॉलरला खोडू द्या. लोकांना ते जास्त आवडतं.

११. कॉलरने नाव घेऊन आरोप केला, "अमक्याने पैसे खाल्ले." मी काय करू?

ताबडतोब थांबवा. इथे सूचना-इशारा नाही. कॉलर जे बोलला त्याची जबाबदारी अनेक देशांत प्रक्षेपण करणाऱ्या केंद्रावरही येते, आणि "मी नाही, तो म्हणाला" हा बचाव फार लांब जात नाही. भारतात कम्युनिटी रेडिओला आकाशवाणीची कार्यक्रम आणि जाहिरात संहिताच पाळावी लागते, त्यात बदनामीकारक मजकुराला जागा नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी अडचण उरते. फोनच्या लाइनवर काही व्यंजनं अस्पष्ट होतात. कॉलरने एक आडनाव घेतलं आणि श्रोत्यांनी भलतंच ऐकलं, असं झालेलं आहे. मग ज्याचा काही संबंध नाही तो माणूस दुसऱ्या दिवशी दारात उभा.

हवेवर म्हणायचं : "ज्यांचं नाव आलं ते उत्तर द्यायला इथे नाहीत, त्यामुळे नाव बाजूला ठेवू. काम अपूर्ण का राहिलं, यावर बोलू." याने कॉलरची तक्रार जिवंत राहते. कॉलरकडे कागद असतील तर ते कार्यक्रमानंतर बघा. तक्रार खरी निघाली तर समोरच्या बाजूला बोलावून वेगळा कार्यक्रम करा. भारतात स्वतंत्र बातम्या देण्यावर बंधन आहे हे लक्षात ठेवून त्याचं स्वरूप ठरवा.

१२. नाव नाही घेतलं, पण "त्या वळणावरचा दुकानवाला" म्हटलं. ते चालतं?

चालत नाही. तुमच्या परिसरात त्या वळणावर एकच दुकान असेल तर ते नावच झालं.

१३. जात, धर्म किंवा बायकांबद्दल घाणेरडं बोलणाऱ्याला "त्याचंही मत आहे" म्हणून वेळ द्यायचा का?

नाही. लाइन कापा आणि कारण सांगा. "कोणत्याही समाजाबद्दल असं बोलणं या केंद्रावर चालणार नाही." गप्प राहून गाणं लावलं तर ज्यांच्याबद्दल बोललं गेलं त्या घरांत शांतता पसरते, आणि त्यांना वाटतं, केंद्रही तसलंच. ते एक वाक्य त्या घरांसाठी असतं.

अवघड प्रकार असा असतो, की माणूस शिवराळ काही म्हणत नाही, पण "त्या लोकांना" अशी भाषा वापरत राहतो. तिथे कापण्याऐवजी विचारा : "ते लोक म्हणजे नेमकं कोण? तुमचा अनुभव कोणाबरोबरचा?" बऱ्याचदा त्यातून एका शेजाऱ्याबरोबरचं जुनं भांडण निघतं. निघालं नाही, तर वरचाच मार्ग.

१४. एकच माणूस रोज फोन करतो. बाकीच्यांना वेळच मिळत नाही.

प्रत्येक केंद्राकडे असा एक असतो. बहुधा एकटा असतो, आणि खरं सांगायचं तर पाऊस पडतो आणि दुसऱ्या कोणाचाच फोन येत नाही त्या दिवशी तोच कार्यक्रम वाचवतो. सर्वांसाठी सारखा नियम करा : एका माणसाला आठवड्यातून एकदा हवेवर. नियम हवेवर जाहीर करा, म्हणजे तो त्याच्यासाठी केलाय असं दिसणार नाही. उरलेल्या दिवशी त्याचा मुद्दा फोनवरच्या सहकाऱ्याने लिहून घ्यावा आणि तुम्ही एका वाक्यात वाचावा. नाव ऐकलं की त्याचं समाधान होतं.

१५. कॉलर अरेतुरेवर आला. मीही तसंच बोलू?

तुम्ही "तुम्ही"वरच राहा. समोरचा "अरे, तुला काय कळतं" म्हणतोय आणि निवेदक "तुम्ही सांगा ना" म्हणतोय, हे ऐकणाऱ्यांना आपोआप दिसतं. वेगळं बोलायची गरज पडत नाही.

काका, मावशी, दादा, ताई यांबद्दलही सांगतो. गप्पांत ती जवळीक आहे. वादात मात्र ती वरून थोपटल्यासारखी लागते. रागावलेल्या बाईला "अहो ताई, ताई" करणारा निवेदक तिचं म्हणणं ऐकत नाहीये, हे सगळ्यांना कळतं. वाद सुरू झाला की नात्याचा शब्द सोडा आणि नावाने हाक मारा. फार वयस्कर माणूस असेल तर "आजोबा" राहू द्या. ते काढून घेतलं तर त्यांना जास्त लागेल.

१६. मी निवेदिका आहे. माझ्या आवाजावर, लग्नावर बोलणारे फोन येतात. हसून सोडून द्यायचं का?

आपल्याला लहानपणापासून तेच शिकवलेलं असतं, म्हणून ते सोपं वाटतं. नका सोडू. थंड आवाजात "आजचा विषय शाळेची बस आहे, त्यावर काही सांगायचंय?" असं विचारा. उत्तर नाही आलं तर "धन्यवाद" आणि लाइन बंद. अश्लील बोलला तर तेही विचारायचं नाही, सरळ बंद.

आणि हे एकटीने झेलायचं नाही. फोन नंबर, तारीख, वेळ लिहून ठेवा, केंद्रप्रमुखांकडे द्या. तोच नंबर पुन्हा आला तर पोलिसांत तक्रार करायचं काम केंद्राचं आहे, तुमचं नाही. केंद्र "असं चालायचंच" म्हणत असेल तर हा कॉलरचा प्रश्न राहिलेला नाही. निवेदिकेचा खासगी मोबाइल नंबर कार्यक्रमासाठी कधीही देऊ नका.

१७. कॉलर दारू प्यायलेला वाटतोय.

"आत्ता लाइन नीट येत नाहीये, उद्या नक्की फोन करा." प्यायलेला आहे असं हवेवर म्हणू नका. कधीकधी तो आजारी असतो, औषधाखाली असतो, किंवा पक्षाघाताने त्याची जीभ जड झालेली असते. हा अंदाज माझा एकदा पूर्ण चुकला होता, आणि नशिबाने मी तो मोठ्याने बोललो नव्हतो.

१८. भांडता भांडता माणूस म्हणाला, "जगण्यात काही अर्थ नाही, संपवून टाकतो." हे नाटक असेल तर?

नाटक समजू नका. इथे वाद, वेळ, पुढचा फोन, सगळं बाजूला. आवाज मऊ करा : "तुम्ही हे सांगितलंत ते बरं झालं. फोन ठेवू नका, माझी सहकारी आत्ता तुमच्याशी बोलतेय." मग गाणं लावा, लाइन सहकाऱ्याकडे द्या, कापू नका. एकटे असाल तर मोठं गाणं लावा आणि स्वतः बोला. तो कुठे आहे, जवळ कोण आहे ते विचारा. जीव धोक्यात वाटला तर आपत्कालीन सेवेला कळवा.

हवेवर परतल्यावर त्याने कसं करणार म्हटलं ते पुन्हा सांगू नका, जागेचा उल्लेख नको. मदतवाहिनीचा नंबर शांतपणे दोनदा वाचा. भारतात टेली-मानसचा १४४१६ आहे. तो समोर मिक्सरवर चिकटवून ठेवा, त्या क्षणी आठवत नाही. त्या भागाचं पुनःप्रक्षेपण करू नका (प्रश्न २२).

१९. फोनवर लहान मूल आहे आणि ते घरातलं भांडण सांगायला लागलं.

लगेच विषय बदला, गाण्याची फर्माईश विचारा, प्रेमाने निरोप द्या. नाव आणि राहतं ठिकाण पुन्हा उच्चारू नका. मुलाला त्रास होत असल्याची शंका असेल तर कार्यक्रमानंतर केंद्रप्रमुखांशी बोला. हवेवर खोदून विचारू नका.

२०. स्टुडिओत पाहुण्या आहेत आणि कॉलर त्यांच्यावर तुटून पडतोय.

पाहुण्यांना कार्यक्रमाआधीच सांगून ठेवा की कडक प्रश्न येतील, आणि ढाल मी आहे. कडक प्रश्न आला तर तो अडवू नका, तुमच्या शब्दांत नीट करून पुढे द्या : "प्रश्न असा आहे, की निधी आला तर काम का नाही?" प्रश्न राहतो, डंख निघतो. पाहुण्यांनी बगल दिली तर कॉलरला एकदा उलट विचारू द्या. अधिकारी पाहुणा असताना प्रत्येक तिखट फोन गाळणारं केंद्र लोक सरकारी भोंगा म्हणून ऐकायला लागतात.

२१. कॉलर आमच्या केंद्रावरच टीका करतो, आणि त्याचं बरोबर आहे.

मग "तुमचं बरोबर आहे" म्हणा. नव्या निवेदकांना हे सर्वात जड जातं. केंद्राचा बचाव करायला ते एवढे धावतात, की टीका काय होती तेच विसरतात. बोलिव्हियातल्या खाणकामगारांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून स्वतःच्या मजुरीतून रेडिओ केंद्रं चालवली. ज्याच्या घामाच्या पैशावर केंद्र उभं आहे, तो केंद्रावर चिडणारच, आणि तो त्याचा हक्क आहे. "तुमच्या भाषेतले कार्यक्रम कमी आहेत हे खरं. पुढच्या बैठकीत हा विषय घेते, तुम्हीही या." तारीख द्या.

२२. रेकॉर्डिंग किती दिवस ठेवायचं? गाजलेलं भांडण पुन्हा लावावं का?

देशागणिक नियम वेगळा. भारतात कम्युनिटी रेडिओने प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपायचे असतात. ब्रिटनमध्ये रेडिओसाठी ४२ दिवस. कॅनडात चार आठवडे, आणि तक्रार आली तर आठ. तक्रार आली की त्या दिवसाची प्रत वेगळी काढून ठेवा, मुदत संपेपर्यंत वाट बघू नका. "तुम्ही मला बोलूच दिलं नाही" म्हणत येणाऱ्याला समोर बसवून ऐकवा. निम्मे वेळा तो ओशाळतो. उरलेल्या निम्म्या वेळा तुम्ही.

पुन्हा लावण्याबद्दल : रागाच्या भरात बोललेलं एकदाच हवेत जातं, इंटरनेटवर टाकलं की कायम राहतं. कॉलरला विचारल्याशिवाय त्याचा भडका क्लिप करून टाकू नका, कितीही लोक बघणार असले तरी.

२३. नंबर कायमचा ब्लॉक करावा का?

धमकी आणि अश्लीलतेसाठी, हो, आणि तो निर्णय निवेदकाचा एकट्याचा नसावा. बाकी कारणांसाठी मुदतीचा : चार आठवडे, आणि फोन करून कारण सांगून. एका घरात एकच फोन असतो हे विसरू नका. मुलगा शिवीगाळ करतो आणि बंदी आजीवर येते, जिला गुरुवारी भजन ऐकवायचं असतं.

२४. आणि मीच चिडलो तर?

गाणं. प्रत्येक निवेदकाच्या हाताशी एक बोटाने लागेल असं चार मिनिटांचं गाणं तयार पाहिजे. ते लावा, हेडफोन काढा, पाणी प्या, शक्य असेल तर खोलीबाहेर जा. परत आल्यावर, चूक तुमची असेल तर, हवेवरच सांगा : "मघाशी माझा आवाज चढला, सुरेशराव ऐकत असतील तर माफ करा." लांबवू नका, कारणं देऊ नका. आणि शक्यतो त्याच संध्याकाळी त्यांना स्वतः फोन करा, केंद्राच्या नंबरवरून.